दुपारी नागपूर लागते का?

माहं माहेर तिगाव. पांढुर्ण्याजवळ हाय, रेल्वेचं टेसन हाय तिकडं, मालगाडी गेली का आमच्या घरची भांडी वाजत, त्याच आवाजात मी लहानाची मोठी झाली. नाव सुभद्रा. आता तुम्ही इचारलं म्हणून सांगून राहिली बाई, नाही तं या नावानं मले हाक मारनारं कोनी उरलंच नाही. तिगावात होती तवा पोट्टी, इकडं बोरगावात लगन होऊन आली तं किसनची बायको, अन् रत्ना झाली तवापासून रत्नाची माय. मालक, म्हणजे माहा नवरा, तेबी तसेच बलावत, अवो रत्नाची माय, पानी आन, अवो रत्नाची माय, चपला कुठी ठेवल्या. मले गोड लागे ते. काय सांगू तुम्हाले, बाईले लेकरानं नाव भेटलं म्हणजे सारं भेटलं, असं वाटे त्या दिवसांत.

वावर आमचं नाही. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाचा अन् संत्र्याचे दिवस आले का बगीच्यात पेट्या भराच्या, खाली तनस टाकाची, वर फळ लावाचं, जास्त दाबलं तं सडते अन् ढिलं ठेवलं तं रस्त्यानं आदळते. पन जीव माहा वेचणीत. वेचणीत गाणं असते ना बाई. आमच्याइकडं असं हाय का दिवस कलला, कमरेच्या ओट्या कापसानं भरत आल्या का समोरच्या तासातल्या, म्हणजे ओळीतल्या, बाया गाण्यातच इचारते, ओटी कोनाची वं, लेक कोनाची? मंग जिच्यावर पाळी आली तिनं गाण्यातच जबाब देवाचा, आपल्या गावाचं नाव घेवाचं अन् बापाचं नाव घेवाचं. ओटी तिगावची वं, लेक सखारामची. असं. त्याच्याशिवाय गाणं पुरं होत नाही, गाणं पुरं झाल्याशिवाय ओटी कोनी सोडत नाही. रत्ना चालाले लागली तवापासून माह्या तासात. लेक किसनाची, असं ती एवढ्या जोरानं म्हणे का तिचा बाप वावराच्या धुऱ्यावर बैलबंडी भरून राहिला असन तं तिकडून हात वर करे. सारं वावर हासे.

ती मोठी झाली, शिवणकाम शिकाले म्हणून वच्छलाकडं नागपूरले धाडली. वच्छला माही लहानी बहीण. मालकानं इकडं पांढुर्ण्याचं स्थळ पाहिलं, पोरगा चांगला, विहारात चार मानसांसमोर शब्द देल्ला. अन् तिकडं रत्नानं एका पेटीवाल्यासंगं लगन लावून घेतलं, पेटी म्हणजे बाजाची पेटी, गायन पार्टीत वाजवे तो. पोरगा आपल्यातलाच, दारू नाही, काही नाही. पन शब्द गेला ना. मालक त्या दिवशी विहारातून आले अन् ओट्यावर बसले, अन् म्हणे, या घरात तिचं नाव निघाचं नाही. बस. ओरडले नाही, भांडं फेकलं नाही. ओरडले असते तं मी बी ओरडली असती.

मंग मले हाक कायची मारन तो मानूस? रत्नाची माय म्हणता येत नाही, नाव निघते. ऐकलं का, म्हणाले लागले. ऐकलं का, जेवाले वाढ. दोन उन्हाळे निघून गेले असे. मी घरात असून बिननावाची झाली. राग येई बाई, लय राग येई, चुलीत लाकूड असं खुपसो का राख उडे.

तं एक दिवस, संत्र्याचा तोडा चालू होता, वच्छला आली. मालक मांगं गोठ्यात होते. ती माह्या कानाजवळ येऊन म्हणे, बाई, रत्ना रेडिओवर गानार हाय. म्या म्हटलं, कोनती रत्ना? म्हणे, अवो तुही. नागपूर रेडिओवर दुपारी बायांचा कार्यक्रम असते, त्याच्यात पुढल्या महिन्यात, गुरुवारी, वेचणीचं गाणं म्हणनार हाय. वच्छला हासून राहिली अन् माह्या मनात एकच गोष्ट, गाणं म्हणजे शेवटी नाव येईन. लेक किसनाची म्हणन पोरगी, सारं नागपूर ऐकन, अन् हा मानूस बी ऐकन, मंग दगड असला तरी पाझरन. एवढंच पाहिजे होतं मले. पन घरात रेडिओ कुठी होता?

रेडिओचं मालकाच्या मनात होतंच पहिल्यापासून. म्या काही सांगितलं नाही, निस्तं म्हटलं, औंदा घेऊनच टाकू. ते बी लगेच हो म्हणे. तवा मले नवल वाटलं नाही, आता वाटते.

सौसरात, आमच्या तालुक्याले, एकच दुकान, म्हणून बाजाराच्या दिवशी पांढुर्ण्याले गेलो. सेठनं पुढं तीन रेडिओ मांडले. एक लाकडी पेटीचा, हा मोठा, करंटवर चालनारा, छपरावर तार बांधा लागे त्याले, पन म्हणे सारी दुनिया लागते. एक लहान, शेलवाला, खांद्याले अटकवाचा पट्टा. तिसरा दोन्हीवर चालनारा, पन सेठच म्हणे का हा इथलाच जोडलेला हाय, मी याची गॅरंटी नाही देत. म्या मनात म्हटलं, मंग ठेवला कायले? सेठ म्हणे, पहले ये बताओ बाई, सुनना कौनसा स्टेशन है? म्या तोंड उघडाच्या आधी मालक म्हणे, भोपाळ. आपलं सरकार भोपाळचं, राशन भोपाळचं, पटवारी भोपाळचा, इस्कूल भोपाळचं, मंग खबर बी भोपाळचीच ऐका लागन, तो लाकडीवाला द्या. मी म्हटलं, राशन भोपाळचं असन, पन आपन हासतो-रडतो तं नागपूरच्या बोलीत, मले नागपूर पाहिजे. ते म्हणे, नागपुरात तुहं काय ठेवलं हाय? जे ठेवलं होतं त्याचं नाव घेता येत नव्हतं. मी म्हटलं, वच्छला हाय ना. तं सेठ हासला, म्हणे, वच्छला थोडी रेडिओत बोलनार हाय.

घासाघीस अशी चालली का दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं तमाशा पाहाले उभी राहिली. करंटवाल्याचा आवाज भारी, घर भरून जाईन असा, खोटं कायले बोलू, मलेही आवडला. शेलवाला नाकात बोले. पन माहा हिसाब वेगळा, बोरगावात लाईट दुपारी राहतेच कुठी? तेवढ्यात, माह्या नशिबानं, पांढुर्ण्याची लाईट गेली. लाकडी पेटी मुकी झाली अन् लहाना आपला नाकातून बोलून राहिला. मी मालकाकडं पाहिलं, ते माह्याकडं पाहत नव्हते, ते सेठले इचारून राहिले होते, दुपारी नागपूर लागते का याच्यावर? सेठ म्हणे, हां हां, सवेरे दोपहर शाम, जब चाहो. मले वाटलं, संत्र्याचा भाव ऐकाचा असन. भाव सांजीले सांगते बाई, दुपारी नाही. पन तवा माह्या डोक्यात नाही आलं.

शेलवाला घेऊन आलो. आमच्याइकडं कोनतीही नवी वस्तू आली का पहिले बुद्धाच्या फोटोसमोर ठेवाची, मेनबत्ती लावाची, वंदना घेवाची, मंग वापराची. साडी असो, कंदील असो. रेडिओ तं घरातल्या साऱ्या चिजवस्तूहून भारी, म्हणून मालकानं फोटोच्या बाजूले खास फळी ठोकली, वर छपराच्या टिनाले लागून, म्हणे इथीच राहीन. म्या फळीवर फडकं टाकलं. बाया पाहाले आल्या, बुढ्या सासूबाईच्या वयाची भागाबाई तं म्हणे, आता याले खाली आनू नका वो, देवघरची वस्तू झाली. सांजीले काममानसं घरी आली का लावो, बराबर लागे, नागपूर लागे, भोपाळ बी लागे, मालक पन खूश. दुपारी कोनी लावलाच नाही. दुपारी घरी राहते कोन?

तो गुरुवार आला. मालक सकाळीच म्हणे, ऐकलं का, मले सौसरले काम हाय. माहं तोंडच उतरलं. सांगून टाकू का, थांबा म्हणू का, असं लय झालं मनात, पन बोलली नाही, कारण बोलली असती तं नाव निघालं असतं अन् तो पायात चप्पल घालून आनखी दूर गेला असता. गेले ते. मी पेट्या भराले गेली नाही, मजुरी पाडली. आंगण सारवलं, जसं कोनी पाहुणं येनार हाय. भागाबाई आली, चार बाया आल्या, साऱ्या फळीखाली माना वर करून बसल्या.

लावला रेडिओ तं निस्ती खरखर. सांजीले जिथी काटा ठेवला का नागपूर बोले, तिथीच काटा, अन् आत जसं कोनी तव्यावर ज्वारी भाजून राहिलं. मी काटा इकडं केला, हिंदी लागलं, तिकडं केला, तेबी गेलं. मंग त्या खरखरीतून बाईमानसाचा आवाज आला, अन् मी ओळखला. एवढंसं ऐकू आलं, फुटलं वं बोंड, बस, अन् पुन्हा ज्वारी भाजनं चालू. मी म्हटलं, खाली घेतो, बाहेर नेतो. भागाबाईनं माहा हात धरला, म्हणे, फोटोजवळून उचलू नको व माय, लागन आपोआप. तिचं मन मोडवेना. उभी राहिली मी, फळीले कान लावून. पोरगी गाऊन राहिली होती अन् मी टिनाखाली उभी होती.

मंग नाही राहवलं. हात झटकला, उचलला रेडिओ, आंगणात पळाली, निंबाखाली गेली, असा फिरवला, तसा फिरवला. अन् लागलं बाई. असं साफ लागलं, जसं कोनी समोर बसून बोलते. एक मानूस सांगत होता का कपाशीवर कोनती दवाई माराची. गाणं होऊन गेलं होतं. मी तिथीच बसली, भागाबाई दारात उभी. आता तिले काय दोष देऊ? दुपारी आवाज पातळ येते अन् टिन तेवढाबी अडवते, हे कोनाले ठाऊक होतं? फळी तं आम्हीच ठोकली होती, मानानं ठोकली होती.

सांजीले मालक आले. हातपाय धुतले, जेवाले बसले. म्या वाढलं, माहे डोये सुजले होते, तेबी त्यानं पाहिलं असन. दोन घास खाल्ले अन् ताटाकडं पाहूनच म्हणे, घसा बसला होता तिचा.

माह्या हातातली पळी तशीच राहिली. म्हटलं, कोनाचा? ते भाकर मोडत राहिले. म्हटलं, तुम्ही ऐकलं? कुठी ऐकलं? म्हणे, सर्दी झाली असन, नागपूरची हवा तशीच हाय. म्हटलं, अन् शेवटी? शेवटी कोनाचं नाव घेतलं पोरीनं? ते ताटावरून उठले, बाहेर जाऊन हात धुतले, किती वेळ धुतले. मंग मले उमगलं का वच्छला बोलली तवा गोठ्यात कान होते, अन् दुकानात दुपारचं नागपूर कायले इचारलं होतं. सौसरच्या मोटर स्टँडवरच्या हॉटेलात करंटवाला मोठा रेडिओ हाय, तिथी उभे राहिले होते, म्हणे चहा सांगितला अन् पेलाच नाही, आमच्या गावच्याच मानसानं पाहिलं, त्यानंच मागाहून मले सांगितलं. घरी माह्याबरोबर ऐकलं असतं तं काय झालं असतं? नाही पन, मानूस लाजला असन. दोघंबी एकाच पोरीसाठी एकाच दुकानात भांडलो अन् एकमेकाले सांगितलं नाही.

वच्छला आली मंग, तिले इचारलं. मंग म्हणे, बाई, तिनं म्हटलं, ओटी बोरगावची वं, लेक सुभद्रेची.

तुम्ही हासून राहिल्या बाई, तुम्हाले चांगलं वाटलं असन. मलेबी वाटलं, खोटं नाही बोलनार. जे नाव घरात कोनी घेत नाही ते पोरीनं साऱ्या मुलुखात घेतलं, अन् साऱ्यांनी ऐकलं, मीच तेवढी राहिली. पन मंग मले मालकाचं आठवलं. तो मानूस उभा होता त्या हॉटेलात, चार मानसांत, आपलं नाव येईन म्हणून. माहं नाव कायले घेतलं व पोरी? मी तं तुहीच होती, मी कुठी जानार होती? बापाचं घेतलं असतं तं बाप नागपूरची गाडी धरून आला असता तुह्या दारी. तिलेबी काय बोलू, बापानं तिचं नाव टाकलं, तिनं बापाचं टाकलं, दोघं एकाच मातीचे.

आता सरपंचाच्या घरी टीव्ही आला, पोट्टे तिकडं जाते. आमचा रेडिओ निंबाले टांगला राहते, फळीवर आता निस्ता फोटो अन् मेनबत्ती. मालकानं अजून बलावलं नाही तिले, म्या दोनदा विषय काढला तं उठून गेले. मले अजून ऐकलं का म्हणते. पन शेल संपाच्या आधी तेच नवे शेल आनून ठेवते, न सांगता, अन् गुरुवारी दुपारी काम असो नसो घरी राहते, निंबाकडं पाठ करून बसते अन् दोर वळते. ती पुन्हा गायली नाही, का गायली अन् आमच्या कानावर आलं नाही, काय माहीत. मी बी बसतो बाजूले. दोघंबी बोलत नाही, रेडिओच बोलते.

जाऊ द्या, जे हाय ते हाय. तुम्ही नागपूरले जाता ना बाई, गायन पार्टीची रत्ना कुठी भेटली तं एवढंच सांगा का माय म्हणे, काढा पेत जाय, थंडं पानी पेऊ नको. अन् बापानं ओळखलं होतं का तुहा घसा बसला होता. सुखी राय म्हणा माय, गात राय.