पाच प्रश्न तोंडपाठ

(मैदानाच्या कडेचा बाक. मुलींचा फुटबॉल सामना थांबलेला आहे.)

कोच : झालं का तपासून, ताई? पंच घड्याळाकडे बघतोय.

ताई : बघू दे. पोरीचं डोकं खांबावर आपटलंय, घड्याळ नाही. इतकी वर्षं नर्स आहे मी, धाकट्या भावानं मला घाई शिकवू नये.

कीपर : मी ठणठणीत आहे! एक, उपांत्य सामना. दोन, निळा संघ. तीन, दोन-एक. चार, आपण पुढे. पाच, शनिवार!

ताई : अगं, मी अजून काही विचारलंच नाही.

कीपर : विचारणारच होतात ना!

ताई : आज रविवार आहे. सामना अंतिम आहे. समोर पिवळा संघ आहे आणि एकही गोल झालेला नाही. कुठून आणलीस ही उत्तरं?

कीपर : मागच्या सामन्याची आहेत. सरांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलीत. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर लावलीत.

ताई : तू पेपर फोडलास? डोक्याला मार बसलाय का बघायचा?

कोच : फोडला काय! तयारी करून घेतली. मागच्या सामन्यात आमची बचावपटू घाबरून वार विसरली आणि तू धडधाकट पोर बाहेर बसवलीस.

ताई : वार रोज बदलतो, शहाण्या.

कोच : नवीन कागद लावायचा राहिला.

ताई : डोकं दुखतंय का गं? मळमळतंय?

कीपर : हे भिंतीवर नव्हतं.

ताई : म्हणूनच विचारतेय.

कीपर : थोडं दुखतंय. उजेड नको वाटतोय. पण मी बसले तर गोलात आपली राखीव धाकटी उभी राहील. बॉल आला की ती डोळे मिटते!

कोच : खरंच मिटते गं. ताई, दहाच मिनिटं उरलीत.

ताई : दहा सेकंदसुद्धा नाही. शंका आली की त्या दिवसाचा खेळ संपला. पुन्हा धक्का बसला तर काय होतं, ते मी वॉर्डात पाहिलंय. हिच्या आईला फोन केलाय, इथून थेट दवाखान्यात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बूट घालायचे नाहीत.

कोच : आमच्या वेळी कोण बघत होतं? अंतिम सामन्यात माझं डोकं फुटलं, तरी पट्टी बांधून खेळलो. जिंकून देणारा गोल मीच मारला. अख्खी गल्ली अजून सांगते.

ताई : गल्ली राहू दे, तू सांग. कुठल्या पायानं मारलास?

कोच : उजव्या... नाही, थांब.

ताई : आठवतो तरी का तो गोल?

कोच : नाही. फोटोत माझ्या हातात कप आहे, तेवढंच.

ताई : चार दिवस तू मला मावशी म्हणत होतास. घरात सगळे हसले. मी नाही हसले. मला फार भीती वाटली होती रे.

कोच : कधी बोलली नाहीस.

ताई : तू कप घेऊन मिरवत होतास. कुणाशी बोलणार?

कोच : पंच! बदली! धाकटे, हातमोजे चढव! आणि डोळे उघडे ठेव!

कीपर : सर, हरलो तर?

कोच : तर हरलो. तुला आठवेल तरी.