सटवाजीला उपजत काही येत नव्हतं

अध्यक्षमहाराज, वकीलसाहेब, युसुफभाई, मैदानावरचे आणि मैदानाबाहेरचे मित्रहो, आणि उजव्या हाताला बसलेल्या आयाबहिणींनो,

भोंगा झाला की या कापसाच्या जिनच्या आवारातून माणूस घराकडे पळतो. आज भोंगा होऊन गेला आणि तुम्ही सगळे थांबलात. मी बातमीदार माणूस. दुसऱ्याचं भाषण खाली बसून लिहून घ्यायचं आणि त्यातलं निम्मं गाळायचं, एवढीच माझी विद्या. आपल्याच माणसाबद्दल उभं राहून बोलायचं म्हणजे काय गाळावं तेच कळत नाही.

सटवाजी गेला त्याला महिना झाला. ज्यानं छावणीतल्या पलटणीच्या फॉरवर्डांना पुढे सरकू दिलं नाही, त्याला एका तापाला अडवता आलं नाही.

पोलिसांचे अमीनसाहेब समोर बसलेत, त्यांचे आभार. परवानगीच्या अर्जात सभेचं कारण 'मयताची तारीफ' असं दिलंय. तेव्हा मी तारीफच करणार. फक्त सुरुवातीला ती तारीफ वाटायची नाही. अमीनसाहेबांनी जरा दम धरावा.

मित्रहो, सटवाजीला फुटबॉल येत नव्हता.

हसा, खुशाल हसा. तो असता तर पहिला हसला असता.

माझ्याआधी चौघं बोलले. चौघांनीही सांगितलं, सटवाजीच्या पायांत देवाची देणगी होती. एक म्हणाले, केदारखेड्याला मेंढरांमागे धावता धावता पाय तयार झाले. वकीलसाहेब तर म्हणाले, नावच सटवाजी. पाचवीला सटवाई आली आणि कपाळावर फुटबॉल लिहून गेली. वकीलसाहेब, बहुत खूब! पण सटवाईला तरी फुटबॉल कुठून ठाऊक असणार? आपल्या जालन्यालाही तो पलटणीनं दाखवला तेव्हा कळला.

एरवी मी हे मान डोलावून ऐकून घेतलं असतं. शोकसभेत थोडं तूप जास्त पडतंच. पण मैदानाच्या कडेला सटवाजीच्या नावाचा दगड बसायचाय. त्यावरचा मजकूर वकीलसाहेबांनी ठरावात मांडलाय: 'ईश्वरदत्त, उपजत प्रतिभेचा खेळाडू.' आणि तो ठराव आज इथे पास व्हायचाय.

परवा मी सटवाजीच्या घरी गेलो आणि हा मजकूर त्याच्या कारभारणीला, गयाबाईंना वाचून दाखवला. त्या सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, उपजत म्हंजी आईच्या पोटातून आल्तं, असंच ना?"

म्हटलं, "असंच."

"मंग म्या इतकी वर्सं शिवले ते काय कोहळे व्हते?"

मित्रहो, पैठणच्या पाठशाळेत मी वादविवाद शिकलोय. तिथलीच युक्ती वापरून बगल दिली. मेंढरांचा विषय काढला, तर म्हणाल्या, "मेंढरं ह्यांच्या भावानं राखली. हे बाभळीखाली निजायचे. लांडगं आलं तरी उठायचे न्हाई."

आता त्याचा पहिला सामना सांगतो. इथल्या जुन्या लोकांना तो आठवत असेल, पण महिनाभर सगळे विसरल्याचं सोंग करून राह्यलेत. पलटणीशी सामना होता आणि आपले दहाच गडी होते. जिनमध्ये गाठी उचलणारा, अंगानं थोराड असा सटवाजी कडेला उभा होता. त्याला आत ओढला. चेंडू त्याच्यापुढे येऊन थांबला. थांबला, बरं का. वारा नव्हता, उतार नव्हता. सटवाजी लांबून पळत आला, पाय घुमवला आणि जमिनीला असा हाणला की अंगठ्याचं नख गेलं. चेंडू जागचा हलला नाही. मग पलटणीच्या एका गड्यानं तो सावकाश उचलून नेल्यासारखा नेला आणि गोल केला. सगळं मैदान हसलं. पलटणीचा गोलवाला तर खांबाला धरून हसत होता.

सटवाजी लंगडत युसुफभाईंकडे गेला. युसुफभाई आपले तेव्हाचे हुकमी फॉरवर्ड. देणगी म्हणतात ती कशी असते, हे ज्याला बघायचं होतं त्यानं युसुफभाईंना बघायला हवं होतं. सराव कधी केला नाही. सामन्याला पान चघळत यायचे, पान संपायच्या आत गोल व्हायचा. सटवाजीनं विचारलं, "उस्ताद, ह्याला मारायचं कसं?"

युसुफभाई म्हणाले, "मारो नक्को, मियाँ. बात करो उससे."

सटवाजी म्हणाला, "कोन्या भाषेत?"

दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर तो पलीकडच्या त्या भिंतीसमोर उभा राहिला. चेंडू कुठला असायला? गयाबाईंनी गोणपाटाच्या तुकड्यात जिनमधल्या रुईची झाडण भरून एक शिवून दिला. दोन दिवसांत फाटला. दुसरा दिला. तोही फाटला. गयाबाई सांगतात, "लेकरांच्या आंगड्या-टोपड्यांपरीस चेंडू जास्ती शिवले म्या. धाकटं पोरगं उघडं हिंडायचं, अन् चेंडूला मातर दुहेरी शिवण!" त्या भिंतीचा गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत का नाही, हे मालकांनी कधी विचारलं नाही. आता सांगायला हरकत नाही. तो सटवाजीनं खाल्ला.

उजव्या अंगठ्याचं नख यायला वेळ लागणार होता, म्हणून त्यानं डाव्या पायानं सुरू केलं. नख आलं तोवर डावा पाय शहाणा झाला होता. मग उजव्याला शाळेत घातलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पण ते माझ्या वर्तमानपत्रात तुम्हाला सापडायचं नाही. सटवाजी खेळायचा बॅक. बॅकचं काम काय? गोल होऊ द्यायचा नाही. आणि न झालेल्या गोष्टीची तार कोण करील? युसुफभाईंनी गोल केला की दोन ओळी छापून यायच्या. सटवाजीनं अडवला की मैदानावर काहीच घडलेलं नसायचं. एकदा मला म्हणाला, "शास्त्रीबुवा, माझं नाव छापायचं तर मला एखादी चूक कराया पाह्यजे, न्हाई का?" बिलकुल बरोबर बोलला.

औरंगाबादेहून एक बडा फॉरवर्ड आल्ता. नाचत चेंडू आणायचा. सटवाजीनं त्याच्याशी झोंबी केली नाही. तो जिकडे जाईल तिकडे हा आधीच उभा. डावीकडे वळला, सटवाजी. उजवीकडे वळला, सटवाजी. शेवटी तो फॉरवर्ड कळवळून म्हणाला, "अरे भाई, तेरेकू घर नहीं है क्या?"

आमच्या पाठशाळेत शिकवायचे की काव्याला तीन गोष्टी लागतात. शक्ती, म्हणजे जन्माची देणगी. निपुणता, म्हणजे डोळे उघडे ठेवून जग बघणं. आणि अभ्यास, म्हणजे तेच ते पुन्हा करणं. गुरुजी शक्तीवर चार-चार महिने बोलत. अभ्यास एका दुपारी उरकत, तीही जेवणानंतरची. त्या वर्गातले शक्तिमान कवी आज कुठे आहेत म्हणाल, तर एक तहसिलीत कारकून आहे आणि दुसरा सासऱ्याच्या दुकानात हळद विकतो. तिसरा तुमच्यासमोर उभा आहे.

तर मी गयाबाईंचा वकील झालो आणि साक्षीदार शोधायला युसुफभाईंकडे गेलो. म्हटलं, देणगी ज्याच्याजवळ होती तोच सांगेल की सटवाजीजवळ ती नव्हती. पण युसुफभाई उलटले. म्हणाले, "शास्त्रीजी, मेरेकू पाँवाँ मिले. खेल लिया, छोड दिया. उसका देखो. पूरा मैदान हँसा, और दूसरे दिन वो फिर आया. ये उसकू कौन दिया? तुम दिये? मैं दिया?"

आली का पंचाईत! म्हणजे वकीलसाहेब पुन्हा जिंकले. मी हरलेल्या पंडितासारखं पान मागून घेतलं.

युसुफभाई, तुमचं म्हणणं खरं असेल. दुसऱ्या दिवशी परत यायची हिंमत त्यानं जन्मताना सोबत आणली असेल. पण आणली तरी यावं त्यालाच लागलं ना? दिवसभर गाठी उचलून यावं लागलं. लोक हसत असताना यावं लागलं. देणारा देऊन मोकळा झाला. तो काही भिंतीसमोर उभा राहायला आला नाही, की गोणपाट शिवायला बसला नाही.

आणि दगड सटवाजीसाठी नाही, मित्रहो. त्याला वाचता येत नव्हतं. दगड उद्याच्या माणसासाठी आहे. मंठ्याचा, धावड्याचा कोणी गडी बाजाराला येईल, मैदानाच्या कडेला टेकेल, कोणाकडून तरी दगड वाचून घेईल. 'उपजत' हा शब्द ऐकला की म्हणेल, असेल बाबा एखाद्याचं नशीब. आणि गाडी जुंपून जाईल. पण त्याला कळलं की हा माणूस आपल्यासारख्याच अडाणी पायांचा होता, तर तो वहाणा काढून आत उतरेल. पहिल्या दिवशी आपण त्याला हसू. हसलंच पाहिजे, आपल्या गावची रीतच आहे. दुसऱ्या दिवशी तो परत आला, तर दगडाचं काम झालं.

म्हणून मी दुरुस्ती सुचवतो. 'ईश्वरदत्त' काढा. 'उपजत प्रतिभा' काढा. कोरा एवढंच: 'इथे सटवाजी फुटबॉल शिकला.'

वकीलसाहेब हळूच विचारतायत, यात त्याचा मोठेपणा कुठे आला? ज्यांनी त्याला पाहिलंय त्यांना तो सांगावा लागत नाही. ज्यांनी पाहिलं नाही ते विचारतील. आपण सांगू. दर वेळी थोडा जास्तच सांगू.

ही दुरुस्ती ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहावं.

गयाबाई, तुमचं मत मी आधीच मोजलं होतं, तरी उठलात. युसुफभाई, सावकाश, गुडघे सांभाळून. मागचे सगळे उठले. अमीनसाहेब, आपल्याला मत नाही, पण उठलात, मेहरबानी. वकीलसाहेब... वाहवा, वकीलसाहेबही!

ठराव दुरुस्तीसह पास झाला. आता बसू नका. उभे आहातच, तर तसेच उभे राहा. मिनिटभर कोणीही बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.