केळीचं नाव

—हसा की, मोकळेपणानं हसा! 'श्रीमंती' नाव ऐकून पाहुणा हसला नाही, असं या ओसरीवर अजून झालेलं नाही. तुमच्या आईंनी तर तोंडाला पदर लावला – पाहिलं मी – आणि वर म्हणाल्या, "नावाचं काय एवढं, लग्नात बदलून घेऊ." तुम्ही मान डोलावलीत. तेही पाहिलं. मी मुलीची आत्या, कुंदाबाई – आमच्यात फुई म्हणतात – आणि फुईचं कामच ते, पाहुण्यांवर डोळा ठेवायचा. आता तुमचे आईवडील गेलेत दादासोबत मळा बघायला, पोरगी आत पोहे करतेय, इथं तुम्ही नि मी. मग ऐका, स्वप्नीलभाऊ.

श्रीमंती ही केळीची जात. तुम्ही धुळ्याचे, तुम्हाला केळं म्हणजे केळं – सोललं, खाल्लं, झालं! इथं बठ्ठं, सगळंच्या सगळं गाव बसराई जातीची केळी लावायचं. आमचे नाना, म्हणजे पोरीचे आजोबा, एकदा हट्टानं श्रीमंती घेऊन आले. लोक म्हणाले, म्हातारं होण्याआधीच चळलं. आणि पहिला घड कापला त्याच दिवशी घरात पोरगी झाली. घड केवढा? दोन माणसांनी उचलायचा! नानांनी मला टॉवेलात गुंडाळलं, घडाशेजारी धरलं नि म्हणाले, दोन्ही श्रीमंतीच— तिला हो, तिला धरलं. मला कशाला धरतील? चहा घ्या.

तर नाव असं आलं. आणि पसरलं कसं विचाराल – विचारणार नाही तुम्ही, लाजताय – तर हिच्या बारशाच्या वर्षी केळीला भाव चढला. लोकांना वाटलं नावाचाच गुण! मग काय, लीलाधरच्या घरी श्रीमंती, मगनच्या नातीचं श्रीमंती. शाळेत बाईंनी हाक मारली की अर्धा बाक उभा. कौतिक आप्पाला वाटलं आपण काहीतरी वेगळं करू – पोरीचं नाव बसराई ठेवायला निघाला. बायको बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली, ठेवून तर बघा! पोरीचं नाव नूतन ठेवलं.

काय म्हणालात? हिच्या वेळी नाना कुठं होते? ... हुशार आहात. धुळ्याची पोरं दिसतात साधी. बरं – हिच्या जन्माआधीच नाना गेले होते. टॉवेलातली पोरगी मी. पहिली श्रीमंती मी. झालं समाधान?

मला पारोळ्याला दिलं. सासूबाई म्हणाल्या, केळीचं नाव घरात नको, लोक हसतील. ताटात तांदूळ पसरले, आमच्या मालकांनी अंगठीनं लिहिलं – कुंदा. माणूस भला हो, कधी वर आवाज नाही केला. पण अक्षर काढताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मीही पेढा खाऊन हसले. मग घरात कुणी "कुंदाऽ" म्हटलं की मी मागे वळून बघायची, ही कोण बाई आली आता! ओ देत नाही म्हणून उद्धट ठरले. हळूहळू सवय झाली. माहेरीही सगळे कुंदाच म्हणायला लागले, एक नाना सोडून. नाना गेले, तेव्हा बाप गेल्याचं दुःख होतंच – पण मला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही, याचंही रडू आलं. तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय?

म्हणून हिच्या बारशाला, दादानं डिंपल ठरवलेलं, पेढ्याच्या खोक्यांवर छापलेलं – आणि कानात सांगायचा मान फुईचा! मी वाकले, कुर्रर्र केलं नि म्हटलं, श्रीमंती. बायकांनी पाठीत असे गुद्दे घातले म्हणून सांगू, दादानंही एक घालून घेतला. घाला म्हटलं. एकदा कानात गेलेलं नाव काढणार कसं? तेव्हापासून या घरात दिवसभर त्या नावाची हाक असते. मी दिवाळीला येते ना, ती लाडवांसाठी नाही येत.

तर आता तुमचं ताट, तुमची अंगठी. मी कोण अडवणार? लिहायचं ते लिहा. फक्त लिहिण्याआधी एकदा तिला विचारा. मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. नाही गं बाई, असं स्पष्ट— ... थांबा, वहिनी काय ओरडतेय आतून? श्रीमंतीऽ, श्रीमंतीऽ करून...

ओऽऽ! आले गंऽ!

...

हाक तिला होती.

बघू नका असे. बसते मी खाली. ती पोहे घेऊन येतेय – नीट बसा, आणि नाव घेऊन बोला तिच्याशी.