रेखाचं टेबल हलवू नका

लिवा. मी शेलार गावचा, माझा बाप शेलारचा, त्याचा बापपन शेलारचा. भातशेती व्हती, आता तिथं गाळे उभे हायत. शाळा चौथीपर्यंत, तीपन अर्धी गुरांमागं गेली. मंग लूम, कापड विणायचं यंत्र. पस्तीस वर्सं लूमवर काढली, त्या खडखडाटात हा डावा कान गेला, म्हणून जोरात बोलतोय, तुमच्यावर ओरडत न्हाय. पन राग हाय, तो लिवा. आनी कुणाची कीव मना नको, तेपन लिवा.

दोन पोरांच्या पाठीवर रेखा जाली. काय सांगू तुमाला, हाक मारली तर वळून बघायची न्हाय, एकच शब्द दिवसभर बोलायची, कुकरची शिटी जाली की कान दाबून कोपऱ्यात. लोक बोलले बाहेरचं हाय, मी तिला भगताकडं नेली, त्यानं धुरी दिली, पोरीचे डोळे तीन दिवस सुजले. भगताला काय बोलू, नेणारा मी. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवायचो, तोपन मीच. पोर मोठी जाली तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरीणबाई बोलल्या, काका, याला ऑटिझम बोलतात, ही वेडी न्हाय, हिचं डोकं वेगळ्या रीतीनं चालतं. मी बोललो, बाई, हे वीस वर्सं आधी का न्हाय कुणी सांगितलं.

डोकं कसं चालतं ते मी घरात बघितलं व्हतं. कारखान्यातनं कापडाचे तुकडे आणायचो, पुसायला. रेखा तुकड्यावर बोट फिरवायची, एका जागी थांबायची. मी डोळ्याला लावून बघतो तर तिथं एक तार, म्हणजे एक धागा, गायब. पस्तीस वर्सांचा लूमवाला मी, मना दिसली न्हाय! आमचे मुकादम रफिकभाई, माझे जुने सोबती, ते बोलले, चाचा, घर में क्यूँ बिठाया है, चेकिंग पे लाओ. चेकिंग म्हणजे काय, तर कापडाचा ताका टेबलावरून ओढत न्यायचा, खोट दिसली की काठाला लाल दोरा बांधायचा. मागच्या भिंतीला तिचं टेबल लावलं, पाठीमागं कोणी न्हाय, येणाजाणाऱ्याचा धक्का न्हाय. सहा वर्सं बसली तिथं. एक खाडा न्हाय. सकाळी साडेआठला डबा घेऊन दारात उभी, बोलायची, ड्युटी. बस, एवढंच.

मंग कारखान्याचा कारभार बघायला छोटे शेठ आले, मोठ्या शेठचे चिरंजीव. दसऱ्याला आमच्याकडं लूमची पूजा असते, साफसफाई, झेंडूच्या माळा, पाहुण्यांना पेढे. पाहुण्यांच्या खुर्च्यांना जागा पायजे म्हणून यांनी रेखाचं टेबल उचलून पुढं दरवाज्याशी ठेवलं, जिथं टेम्पो लागतो. पूजा जाली, खुर्च्या गेल्या, टेबल तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी ही आली, मागच्या भिंतीशी गेली, टेबल न्हाय. तिथंच उभी राहिली. कोणीतरी हाताला धरून पुढं ओढली, तेवढ्यात टेम्पोनं हॉर्न मारला, आनी पोर टेबलाखाली शिरून किंचाळायला लागली. मना बोलावलं. छोटे शेठ बोलले, काका, हा कारखाना हाय, दवाखाना न्हाय, घेऊन जा हिला.

घेऊन आलो. जीभ अशी दाताखाली धरली व्हती.

पन रोज साडेआठला ती दारात. डबा हातात. ड्युटी. मी बोलायचो, न्हाय बाय, ड्युटी गेली. ती परत, ड्युटी. दुपारी घरातल्या चादरी काढून तपासायची. हिच्या आईच्या पातळाला लाल दोरे, उशीला लाल दोरे, माझ्या बनियनला तर एवढे, की माझी म्हातारी बोलली, बघा, तुमच्यात किती खोट हाय ते पोरीनं बांधून ठेवलंय.

महिन्यानं रफिकभाई आले. पूरा माल वापस आया, चाचा, खोट किसीने पकडी नहीं, छोटे शेठ बुला रहे हैं. माझं डोकं सटकलं. माल परत आला म्हणून पोर आठवली? न्हाय आला असता तर? बोललो, त्याला सांग, माझ्या ओटीवर येऊन बोल. तीन दिवस गेले, तो न्हाय आला, मीपन न्हाय गेलो. चौथ्या दिवशी म्हातारी बोलली, तुमचा मान मोठा का पोरीची ड्युटी मोठी? रेखा दारात उभीच व्हती. चपला घातल्या मी.

छोट्या शेठसमोर उभं राहून सांगितलं, टेबल जुन्या जागी. काय बदलायचं असेल तर आदल्या दिवशी रफिकभाई तिला सांगणार. मागनं हात कोणी लावायचा न्हाय. शेठ बोलले, काका, एका मानसासाठी एवढं सगळं? मंग मी सुटलो. बोललो, शेठ, लूम जागचा हलवला तर काय करता? पायाखाली पाचर मारता, पानी ठेवून लेव्हल बघता, तेव्हा चालू करता. सूत तुटू नये म्हणून उन्हाळ्यात जमिनीवर पानी मारता. हलवलेला लूम धागा तोडायला लागला तर त्याला वेडा बोलून भंगारात टाकता काय? लोखंडासाठी एवढं करता, आनी माझ्या पोरीसाठी एक टेबल जागेवर ठेवता येत न्हाय?

रफिकभाई खाली बघत व्हते. शेठ उठला, पुढं गेला, टेबलाची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. मागच्या भिंतीशी ठेवलं. रेखानं बघितलं, वाकली, फरशीवर टेबलाच्या पायांचे जुने चार डाग व्हते, तिनं टेबल दोन बोटं सरकवून बरोबर डागांवर आणलं. ताका ओढला. पहिल्या हातभर कापडातच लाल दोरा बांधला.

आता काल्हेरच्या गोदामातला एक शेठ मना विचारतो, काका, माझ्याकडं असाच एक पोरगा कामाला मागतोय, ठेवू का? मी बोललो, मना काय विचारता, त्याला विचारा त्याला काय पायजे, आनी ते कराच. उपकार म्हणून न्हाय, लूमला करता तसं.

माझं काय, आज हाय उद्या न्हाय. यंदा दसऱ्याला टेबल हललं न्हाय, रफिकभाईंनी आदल्या दिवशी तिला विचारून तिथंच माळ घातली. देव त्यांचं भलं करो, शेठचंपन करो. पन मी गेल्यावर कोणी ते टेबल हलवलं ना, तर वरनं बघतोय मी. हे लिवलं का? लिवा.