डब्याच्या सुट्टीचा अर्धा तास

हॅलो?… हो, मनमोहनच बोलतोय. अगं राजलक्ष्मी, तुझ्याच फोनची वाट बघत होतो. झाली परीक्षा समितीची बैठक?… हळू बोलतोय, कारण मुलगी बाहेर गॅलरीत बसली आहे. सुभद्रा गं. लालबागहून माझ्या शिकवणीला येते ती. वडीलही आलेत, आनंदा. दीड वर्ष गिरणीच्या संपावर आहे, त्यामुळे त्याच्याकडे वेळच वेळ.

हो, हो… तीच. प्रवेश परीक्षेत इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या जागेला एक गुण कमी.

नाही गं, प्रश्न चूक आहे असं मी अर्जात म्हटलंच नव्हतं. अर्धवट आहे म्हटलं होतं. 'गिरणीतली दहा किलोवॅटची मोटार एका पाळीत किती युनिट वीज खर्च करते?' पाळी किती तासांची, लिहिलेलं नाही. मोटार मध्ये बंद होते का, तेही नाही… आठ तास सगळ्यांना माहीत असतात, कबूल. आठ दाहे ऐंशी, पर्याय अ. आमच्या गिरगावातल्या पोरांनी डोळे मिटून लिहिलं. पण लालबागच्या पोरीला डब्याची सुट्टीही माहीत असते ना. गिरणीत तिच्या वडिलांच्या खात्यात मोटार बंद करून मगच डबे उघडायचे. गिरणीला लागूनच त्यांची चाळ, तिथे तेवढाच अर्धा तास एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं म्हणे, त्यामुळे भांडणं त्यातच उरकायची. म्हणून तिने साडेसात तास धरले. पंच्याहत्तर युनिट. ते पर्यायांत नव्हतं, म्हणून खूण केली 'यांपैकी नाही'वर.

जयवंतराव काय म्हणाले?… प्रश्न त्यांनीच काढला होता ना… कामगारांचं जेवण अभ्यासक्रमात नाही?… बरोबर आहे त्यांचं. हल्ली लालबागमध्येही नाही.

हसू नकोस… बरं, पुढे?… मान्य केलं? खरंच?… 'शब्दरचना संदिग्ध' असं इतिवृत्तात घेतलं? आणि जयवंतरावांनी सही केली? तब्येत बरी आहे ना त्यांची?… म्हणजे सुभद्राला एक गुण मिळाला. झालं की मग…

सगळ्यांना?… सगळ्यांना कसा?… अगं ऐक ना. ज्यांनी ऐंशी लिहिलं त्यांना तो आधीच मिळालाय. त्यांना पुन्हा कशाला?… उत्तरपत्रिका गोदामात गेल्या. कुणी काय लिहिलं ते आता बघता येत नाही. म्हणून सरसकट प्रत्येकाच्या बेरजेत एक… हो, कळलं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, एवढी बेरीज येते मला. हिचा एक वाढला, शेवटच्या जागेवाल्याचाही एक वाढला… अन्याय कोणावरच नाही, बरोबर. अख्खी चाळ एक मजला वर उचलली तरी तळमजल्यावरचे तळमजल्यावरच.

मग उघडा की गोदाम… जागा भरून झाल्या? कधी?… काल. आणि बैठक आज. नाही, मी काही म्हणत नाहीये.

जागा नाही मिळाली तर काय, म्हणजे?… रविवारी आईबरोबर गावी जाणार ती. पाटणच्या पुढे कुठेतरी. तिथे दहावीच्या पुढे काही नाही, चुलत्याची म्हैस आहे. इथे आनंदा एकटा खोली सांभाळत बसणार, गिरणी उघडेल म्हणून… पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी ती कुठली येते, राजी. एकदा शेणात हात घातले की पोरीला परत कोण पाठवतं.

नाही, मी नाही सांगणार. आठवडाभर मीच त्या दोघांना सांगतोय की परीक्षा घेणाऱ्यांनाही समज असते. आता माझ्या तोंडून नको. तुमचा निर्णय, तूच सांग… नीट सांग पण, गोल गोल नको. आधी वाईट सांग… थांब, ठेवू नकोस.

सुभद्रा, आत ये गं. राजलक्ष्मीबाईंचा फोन आहे, समितीतल्या. धर… उलटा धरलायस. हां.

हॅलो?… नमस्कार बाई. मी सुभद्रा… हो बाई… हो… माझं बरोबर होतं?… पंच्याहत्तरच?… बाबा, माझं बरोबर होतं म्हणतायत… हो बाई, ऐकतेय… एक गुण वाढला?… थँक्यू, बाई… हो, करीन ना अभ्यास… नाही बाई, सोडणार नाही… मग रविवारी गावी जायचं नाही ना आता?… बाई?… आईला सांगू ना मग तसं?… सर, आवाज येत नाही… हॅलो?