रतनबाईचं दुसरं ताट

—न्हाई न्हाई, उठू नका रतनबाई, आज तुमचा मौनाचा सोमवार, दिवा लागेपत्तुर बोलायचं न्हाई, ठाऊक हाय मला. तुमी वाती वळा, मीच बोलते. तीन सोमवार झाले, तुमी कहाणी ऐकायला आला न्हाईत. मी वाण्याची गंगासागर, मुठीत अक्षता धरून भिंतीला कहाणी सांगते. भिंत कुठं हुं म्हणती? अन् हुंकाराबिगर कहाणी देवाला पोचत न्हाई, हे तुमीच शिकवलं मला.

आमचे केदारभावजी वाईट न्हाईत बघा. चाळीस वर्षं लोकांना हसवलं — जत्रेत, गणपतीत, ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधी. मग गावोगाव डिश आली अन् त्यांना टीव्हीवर रविवारचा कार्यक्रम मिळाला — गाणी, नाच, जादू, अन् सगळं ओवून घ्यायला चमकीच्या कोटात आमचे भावजी. पण जत्रेत एक नक्कल दहा वर्षं पुरायची, धारूरला केली, उमापूरला केली, माणसं येगळी. टीव्हीवर एकदा केली की साऱ्या मुलखानं बघितली, संपली. उन्हाळ्यात आले तवा तोंड उतरलेलं. म्हणले, "वैनी, माझ्याजवळचं हसू सरलं. कार्यक्रम काढून घेतील."

आता तुमच्या ताटाचं त्यांनी कुठं ऐकलं, कोण जाणे. बाजारात ऐकलं असंल, गावाची तोंडं कुणी बांधलीत? त्या रविवारी टीव्हीवर त्यांनी डोक्यावर पदर घेतला, दोन ताटं मांडली अन् रिकाम्या पाटाला विचारलं, "मीठ कमी पडलं का हो?" — लोक हसून हसून लोळले. मिठाचं तर मी त्यांना घेऊ नका म्हणलं होतं —

हां. आलं तोंडातून.

बाजाराला काय ठाऊक? बारा वर्षांमागं हैदराबादला गेलेल्या, परत न आलेल्या तुमच्या मालकाचं ताट तुमी उपास सोडताना मांडता, हे मी एकटीनं बघितलेलं, साखर मागायला आलते तवा. मग मी भावजींना कशापायी सांगितलं? भावजींची दया आली — हे झालं वरवरचं. खरं म्हणजे मी सांगत होते अन् ते हसत होते. ज्याला सारा मुलूख हसतो, तो माणूस माझ्या बोलण्याला हसला. आमचे मालक बावीस वर्षं नुसतं "बरं" म्हणतात. मग मला चेव आला, मी पदर घेतला, तुमचा आवाज काढून दाखवला. ती नक्कल भावजींची न्हाई रतनबाई. माझी हाय.

अन् त्या रविवारी टीव्ही बघायला बोलावलं तेबी मीच. यातलं काही टीव्हीवर घेणार न्हाई असा भावजींनी शब्द दिलता, म्हणून बिनघोर होते. आळीतल्या बाया हसल्या, त्यांना काय म्हाईत. तुमी सतरंजीवरून मागं वळून माझ्याकडं बघितलं — अन् माझ्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं.

आजचा दिवस मुद्दाम धरला मी. तुमाला बोलता येणार न्हाई म्हणून. एवढी भित्री.

लावली समई? महादेवा. सुटलं मौन. आता बोला — शिव्या द्या, उंबरा चढू नको म्हणा.

न्हाई? बरं. अक्षता हातात घेत न्हाईत तर इथं समईपाशी ठेवते. सोळातले दोन सोमवार राहिलेत. आज नवी कहाणी सांगते. एका गावात एक वाणीण होती. देवानं तिला सारं दिलतं, पण दुसऱ्याचं काही तिच्या पोटात ठरत नव्हतं. शेजारणीचं एक ताट झाकायचं होतं, ते तिनं चारचौघांत उघडं टाकलं —

हुं म्हणा, रतनबाई. एकदा.