आईचा आंबेमोहर

भोरला घरी निघालेल्या शैलजाबाई विंझरच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर पासलीच्या बनाबाई आणि गुंजवण्याला दिलेली त्यांची धाकटी बहीण रत्ना येऊन टेकल्या.

"आक्का, भात कसं झालं औंदा?" रत्नानं विचारलं.

"काय व्हायचं? कापून आडवं केलं आन चार दिस पावसानं झोडपलं. शेतातच लोंब्यांना कोंब फुटलं."

"दिवाळी झाल्यावर?"

"व्हय. त्याला आता कुठला सण आन कुठलं काय!"

"मग बियाणं गं?"

"त्येच मागाय आले. आईचा आंबेमोहर म्याच दिलेला तुला. त्यातला पायलीभर दे."

"आक्का, दोन वर्सं झाली, आमी त्यो लावतच न्हाई. लई उशिरा पिकतो, तवर पाऊस गाठतोच. दुकानातलं लवकर येणारं लावतो."

शैलजाबाईंनी उगाच घड्याळ बघितलं.

"गाडग्यात शेरभर साळी हायती," रत्ना म्हणाली. "आईच्या पित्राला कांडाय ठिवलेल्या. पर जुन्या हायती. उगवतील का, सांगता येत न्हाई."

"दे मग त्याच."

"निम्म्या देते."

"निम्म्या का गं?"

"फुडच्या साली बी पावसानं गाठलं तर? तुझ्या जातील, माझ्या तरी ऱ्हातील."

"आन पित्राला काय शिजवशील?"

"दुकानातलाच. आईला कळंल, पर ती बोलायची न्हाई."